शेजारणीचं दुखणं

मी रोह्याची, मास्तरांची मुलगी. नर्सिंग झाल्यावर पहिलीच नेमणूक मिळाली ती पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका उपकेंद्रात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गावातल्या निम्म्या बायका मिठागरावर. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून मीठ ओढायच्या आणि परतताना भेगाळलेले पाय घेऊन माझ्या पायरीवर टेकायच्या. मलम मागायच्या. खरं दुखणं वेगळंच असायचं.

त्या गावात बाई आपल्या आतल्या दुखण्याबद्दल स्वतःच्या नावानं कधी बोलत नसे. "आमच्या शेजारणीला असं असं होतंय," अशी सुरुवात. मी पुस्तकातून आलेली शहाणी! म्हणायची, "मग शेजारणीला घेऊन या ना." बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. माझ्या डोक्यात उजेड पडायला वर्ष गेलं.

त्यातली एक माझ्या फार जवळची. तिशीची, तीन मुलांची आई, जिभेनं तिखट. मला सुकटीची चटणी आणून द्यायची आणि वर म्हणायची, "खा गो बाय, रोह्याचं खाऊन अंगाला काय लागलं नाय तुझ्या." ती एका शेजारणीबद्दल विचारायला लागली. "पाळी नसताना पण अंगावरून जातंय तिच्या. वास येतो. काय करायचं?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ही शेजारीण कोण, ते मला चांगलं ठाऊक होतं.

पण मार्च चालू होता. आमच्या खात्यात मार्च म्हणजे कुटुंबनियोजनाचं टार्गेट. ऑपरेशनच्या केसेस कमी भरल्या की तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून झापायचे, बदलीची धमकी द्यायचे. बाईला काय होतंय, याचा रकाना आमच्या रजिस्टरात नव्हताच. माझी एक केस कमी पडत होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, ऑपरेशन करून घ्या आता. शिबिराला मोठे डॉक्टर येतात, शेजारणीचंही विचारू." ती लगेच तयार झाली, तेही मिठाच्या ऐन हंगामात. तिला ऑपरेशनचं काही पडलं नव्हतं. तिला डॉक्टर हवा होता.

शिबिराच्या दिवशी बायका सतरंजीवर ओळीनं बसल्या होत्या. तिनं माझं मनगट धरलं. "ती शेजारीण मीच हाय गो बाय. तू सांग डॉक्टरला. मना लाज वाटते."

मी डॉक्टरांपर्यंत गेले. ते हात धूत होते. सांगितलं असतं तर त्यांनी तिला बाजूला काढून अलिबागला तपासणीला पाठवलं असतं, आणि माझी केस हुकली असती. मी तशीच परत आले. "आधी हे होऊन जाऊ दे, मग सांगू," म्हटलं. ती 'व्हय' म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

ऑपरेशनं उरकली तशी डॉक्टरांची जीप पुढच्या शिबिराला निघाली. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. अलिबागला न्यायचं आज-उद्या करत राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी लावणीच्या चिखलात ती चक्कर येऊन पडली. मुंबईला नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. वर्षभर आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. दिवाळीच्या आधी ती गेली. तिच्या नवऱ्यानं मला एका शब्दानं जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. मला अजून राग येतो, खात्याचा आणि त्याहून जास्त माझा.

काही वर्षांनी सरकारनं टार्गेट रद्द केलं. बैल गेला आणि झोपा केला. तरी बदल चांगलाच होता, आम्ही सगळ्या नर्सा खूश झालो. पेणला प्रशिक्षण ठेवलं होतं. बायकांना काय हवं ते बायकांनाच विचारायचं, असं नवं धोरण. नवे फॉर्म वाटले. प्रशिक्षण द्यायला आलेले साहेब भले माणूस होते. म्हणाले, "अडचण एकच आहे. आपल्या बायका सांगतच नाहीत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले.

"सांगतात, सर."

"मग अडतं कुठे?" त्यांनी आपुलकीनं विचारलं. फळ्यावर लिहून घ्यायला खडू उचलला.

मला उत्तर येत होतं. मी खाली बसले.