मंजे कोण?

२००३ च्या मार्चमध्ये मी नागपूर सोडलं तेव्हा टॅक्सीपाशी सारी गल्ली जमली होती. बाबा म्हणाले, "अरे, दोन शब्द तरी बोल." मी एकच बोललो, "येतो," आणि दार ओढून घेतलं. चार माणसांसमोर मला बोलताच यायचं नाही. जन्मभर वर्गात गणित शिकवलेल्या बाबांना त्याचं नेहमी नवल वाटे.

दीड वर्षाने बाबा गेले. व्हिसाच्या कागदांत अडकल्यामुळे मला जाता आलं नाही. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, शेजारच्या शोभाकाकूंनी बेसमेंटमध्ये मराठी मंडळींना बोलावलं, फोटोला हार घातला. "सांग ना बाबांबद्दल थोडं," त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो, फोटोकडे पाहिलं आणि खाली बसलो. त्या खोलीत बाबांना ओळखणारा मी एकटाच होतो, आणि मीच गप्प राहिलो. ते त्यांच्या जाण्याइतकंच लागलं. वर्षश्राद्धाला बोलायचंच, असं ठरवलं.

ऑफिसात दर बुधवारी लंचला भाषणाचा सराव करणारा स्पीच क्लब भरायचा; मी त्यात नाव घातलं. टेस्टिंगमधली लिंडा तिथे बोलणाऱ्याचे "अं" आणि "यू नो" मोजायची. माझ्या पहिल्या भाषणानंतर ती वहीत बघत म्हणाली, "अं फक्त दोन. पण हा मंजे कोण? अकरा वेळा आला. तुझा भाऊ का?"

वाक्य अडलं की माझ्या तोंडून 'म्हणजे' निसटत होतं! मी हसलो, आणि भीतीऐवजी पहिल्यांदा कुतूहल वाटलं: मी नेमका अडतो तरी कुठे? मग पार्क केलेल्या गाडीत बसून मी मोठ्याने बोलायचो, कधी इंग्रजीत, कधी मराठीत, आणि लिंडासारखंच टिपून ठेवायचो. वाक्य सुरू करताना मी अडत नव्हतो. बाबा 'होते' असं म्हणायच्या आधी अडत होतो.

"आज मंजे कसा आहे?" लिंडा दर बुधवारी विचारायची.

"तीनदाच भेटला."

वर्षश्राद्धाला त्याच बेसमेंटमध्ये मी पाच मिनिटं बोललो. या वेळी मी मधेच खाली बसलो नाही. भूमितीच्या पेपरात एका मुलीने लिहिलं होतं, 'उत्तर दिसतं आहे, पण सांगता येत नाही.' बाबांनी तिला घरी बोलावलं, पोहे दिले आणि म्हणाले, "मग बोटाने दाखव." ती गोष्ट मी सांगितली.

जेवताना पुण्याचे देवकाका ताट घेऊन माझ्याजवळ आले. "ते सगळं ठीक. पण पास केलं का तिला?"

"पोहे खाऊ घातले म्हणजे केलंच असणार," शोभाकाकू म्हणाल्या.

"छे! मास्तर लोक असे नसतात."

दोघंही बाबांना कधी भेटलेले नव्हते, आणि त्यांच्यावरून चांगलेच भांडत होते. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. आईला फोन करून विचारतो, म्हणालो. तेव्हापासून घर म्हटलं की मला नागपूरचा पत्ता आठवत नाही. जिथे माझ्या माणसांबद्दल कोणीतरी पुढचा प्रश्न विचारतं, ते मला घर वाटतं.