आश्रुबांचा संशय आणि भरकटलेला ड्रोन

आश्रुबांची आणि शिवकन्येची पहिली भेट झाली तेव्हा तिचा ड्रोन जमिनीवर होता आणि आश्रुबा लिंबाच्या झाडावर. ड्रोनच्या पोटात कॅमेरा असतो, तो आपलं रान थेट तहसीलमध्ये दाखवतो, तेव्हा त्याच्यावर वरूनच नजर ठेवलेली बरी, असा त्यांचा हिशेब. फांदीवर बसूनच त्यांनी तिचं माहेर, सासर आणि आजोबाचा धंदा विचारून घेतला. मग उतरले, ड्रोनच्या टाकीतलं फवारणीचं औषध आधी कुत्र्याला हुंगवलं आणि नंतर स्वतः हुंगलं.

पालमकडचा हा माणूस पुजाऱ्यानं प्रसाद दिला तरी पहिला घास पुजाऱ्यालाच खायला लावायचा.

ड्रोन बचतगटाचा, चालवायची शिवकन्या. आश्रुबांची तूर फवारताना तो दोनदा भरकटला. एकदा तर शेजारच्या हळदीत जाऊन पडला. गटाच्या अध्यक्ष सरजाबाईंनी बजावलं, "अजून एकदा पडला तर दुसऱ्या गटाला देऊन टाकीन."

"पोरी, कुणीतरी मुद्दाम करायलंय," आश्रुबा म्हणाले. या वेळी शिवकन्येलाही ते पटलं. ड्रोन भरकटण्याआधी रिमोटच्या पडद्यावरून त्याला वाट दाखवणारे उपग्रह गायब व्हायचे. उपग्रहाचा सिग्नल दाबणारी यंत्रं असतात, त्यांनी मोठी विमानंसुद्धा वाट चुकतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

आश्रुबांना तर हुरूप आला. पुढच्या फवारणीला त्यांनी आसपासच्या सगळ्यांचे मोबाईल बादलीत गोळा केले. म्हाताऱ्या चांगुणाबाईच्या कानातलं ऐकायचं यंत्रही काढून घेतलं. राखणीला मात्र विश्वासाचा माणूस बसवला. तो म्हणजे जावई आदिनाथ. वाळूचा टिप्पर घेऊन तो रोज दुपारी सासुरवाडीला जेवायला यायचा.

"मामा, तुमी बिनघोर राहा. कुणी दिसलं की हॉर्न देतो," म्हणत त्यानं टिप्पर बांधाला लावला. इंजिन चालूच ठेवलं.

ड्रोन उडाला. उपग्रह गेले. ड्रोन तिरपा होत विहिरीच्या कठड्यावर आदळला.

शिवकन्या तडक टिप्परपाशी गेली. स्टिअरिंगशेजारी एक काळी कांडी खोचलेली होती, तिच्यावर दिवा लुकलुकत होता.

"हे काय हाय, दाजी?"

"ते व्हय? वाळूच्या गाड्यांना जीपीएस लावायला लावलंय ना. हे खोचलं की तहसीलवाल्यांना गाडीच दिसत न्हाई. लय कामाची चीज हाय."

आश्रुबांनी कांडीकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं.

"ऊन व्हायलंय, जावईबापू. जेवायला चला."

गटाच्या बैठकीत शिवकन्येनं सगळं सांगितलं. सरजाबाई आश्रुबांकडं वळल्या. "तुमी तिथंच होता. खरं हाय का हे?"

बैठक कान देऊन बसली. ज्यानं गावातलं कुत्रंसुद्धा संशयातून सोडलं नव्हतं, त्याच्याकडं सगळे बघत होते. आश्रुबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"माझा बाई कुणावर संशय न्हाई," ते म्हणाले. "वारं लय होतं."

ड्रोन दुरुस्त होऊन बोरीच्या गटाकडं गेला. शिवकन्या आता पाठीवरच्या पंपानं फवारते.