सर्व्हरचं झबलं

मुरुडच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही, म्हणून आम्ही घरातल्या सगळ्या वस्तूंना कपडे शिवतो. टीव्हीला, मिक्सरला, स्कूटरला. आमच्या फोटो स्टुडिओत फोटो साठवायला सर्व्हर आला तेव्हा मी आठवड्याच्या आत त्यालाही रेक्झिनचं झबलं शिवून घेतलं. वायरींपुरतं मागे भोक आणि पुढे, का कोण जाणे, एक खिसा. बायको म्हणाली, त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. मी तिला समजावलं, की यात दोन पॉवर सप्लाय आहेत, एक गेला तर दुसरा सांभाळतो, हे मशीन बंद पडतच नाही. वर्षभर मी हे गिऱ्हाइकांनाही ऐकवत होतो.

एका मंगळवारी ते बंद पडलं.

झबलं काढलं तर आत भट्टी. पनवेलला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, "मामा, मागे लाल दिवा कधीपासून लागत होता?" पहिला सप्लाय केव्हाच गेला होता, आज दुसराही गेला. दिवा बिचारा कित्येक दिवस मला सांगत असणार, झबल्याच्या आतून.

वीज मिळाली की फोटो जसेच्या तसे दिसतील, असं भाचा म्हणाला. पण पंधरा दिवसांपूर्वीच्या एका लग्नाचे सगळे फोटो फक्त त्यातच होते. कॅमेऱ्याची कार्डं मी पुसून मोकळा झालो होतो. आणि नवरी बुधवारी चारच्या एसटीने निघून नवऱ्याबरोबर दुबईला जाणार होती.

बायकोने जळलेल्या सप्लायच्या लेबलचा फोटो भाच्याला पाठवला. त्याने तसाच नवा शोधून बुधवारी सकाळी मुरुड गाडीच्या कंडक्टरकडे दिला. इकडे नवरीची आई मंगळवारी संध्याकाळीच येऊन मशीन वितेने मोजून गेली. मला वाटलं, तक्रारीची तयारी. बुधवारी अकरापासून ती सर्व्हरसमोर खुर्ची टाकून बसली, ऑपरेशन थिएटरबाहेर बसतात तशी, हातात क्रोशाची सुई.

गाडी अडीचला आली. मी चष्मा पुसला, टॉर्च काढली, पेचकसांचा अख्खा संच टेबलावर मांडला. तोवर बायकोने लेबलं ताडून पाहिली, खटका दाबून जुना सप्लाय ड्रॉवरसारखा बाहेर ओढला आणि नवा आत सरकवला. पेचकस लागलाच नाही. हिरवा दिवा लागला, पंखा घुमला.

धावत आलेली नवरी म्हणाली, "काका, हळदीचे आहेत ना?"

पहिलाच फोटो हळदीचा निघाला, त्यात आईच्या नाकाला हळद. आई हसली, मग डोळे पुसत पुन्हा हसली. पेन ड्राइव्ह भरेपर्यंत तिने दोरा तोडला आणि मांडीवरचं विणकाम झटकून माझ्यासमोर धरलं. पांढरंशुभ्र, मापात.

"भाऊ, मशीनला घाला. मला ते असं उघडं बघवत नाही."

बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं.

सर्व्हर आता उघडाच असतो. नवरीच्या आईचं विणकाम शोकेसमध्ये, गेलेल्या दोन्ही सप्लायवर दुहेरी करून घातलंय. त्यांना श्वास लागत नाही.