आबांच्या गाडीचे बुश

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, तेही धड जमेल की नाही – बघू.

पुसेगावला आमच्याकडे वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी मोटार आहे. आबा कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर सगळा जीव त्या गाडीत. गाडीखाली शिरून सगळं स्वतः करायचे. पुढे गुडघे गेले, ते बंद झालं. चालवणं मात्र सुरूच. गोरेगावच्या बाजाराला, हिंगोलीला – एकटेच. ते परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. आता वय झालं, नका चालवू, एवढं तोंडावर म्हणायची माझी हिंमत नव्हती. कधीच नव्हती म्हणा.

एकदा ते म्हणाले, स्टिअरिंग ढिलं लागतंय, बुश झिजले असणार. स्टिअरिंगच्या सांध्यात रबराचे बुश असतात. ते झिजले की चाक सरळ धरलं तरी गाडी इकडेतिकडे झुकते. नवे बुश त्यांनी मोठ्या खटपटीनं मिळवले, माझ्या हाती दिले आणि मला गाडी घेऊन हिंगोलीच्या मेकॅनिककडे धाडलं.

मी त्याच्या दारापर्यंत गेलो – आणि पुढे टपरीवर चहा घेत बसलो. आधीच ठरवलं होतं का? नाही. पण तिथं बसल्यावर सुचलं, गाडी ढिलीच राहिली तर आबा आपणहून सोडतील. आणि सुचल्यावर बरं वाटलं, हेही खरं. घरी येऊन म्हणालो, टाकले बुश. नवे बुश कपाटात मागे सारले.

दुसऱ्या दिवशी आबा चालवायला बसले, मी शेजारी. गाडी तशीच झुकत होती. त्यांनी चाक सावरलं, पुन्हा सावरलं. मग गाडी कडेला घेतली आणि तळहातांकडे बघत राहिले.

"बुश तर नवे हायेत," म्हणाले. "मंग माह्या हातातच काई राह्यलं न्हाई."

किल्ली माझ्याकडे दिली. तेव्हा बोलता आलं असतं – आलं असतं ना? मला तर सुटल्यासारखं वाटलं.

वाटलं होतं, गाडीपुरतंच राहील. पण त्यांनी स्वतःची दाढी करणं सोडलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. मला मुलगी झाली, बायको तिला त्यांच्याकडे द्यायला गेली, तर मागे सरकले. "नको माय, माह्या हातून लेकरू पडंल."

त्यांचे हात चांगले होते. हे मला एकट्यालाच माहीत होतं. ती रांगू लागली, चालू लागली, ते लांबूनच बघून हसायचे – आणि मी रोज गप्प. आल्यागेल्याला आबा वर सांगायचे, पोरानं बुश टाकून आणले, गाडीत काही खोट नाही.

आबा गेल्यावर मी कपाटातले बुश काढून बसवून घेतले. हे मनात वागवून वागवून थकलोय आता. गाडी सरळ चालते.

परवा मुलीला घेऊन आखाडा बाळापूरला निघालो होतो. बाहेर बघत ती म्हणाली, "पप्पा, आबांनी मला कधीच काहून उचललं न्हाई? मी आवडत नव्हते का त्यांना?"

मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"त्यांच्या हातात दम नव्हता, बेटा," म्हणालो.