काटा हलला नाही म्हणून घाबरलेले मेश्राम साहेब

मेश्राम साहेब काल गेले. कॅन्सरनं नाही.

एक्क्याण्णवाव्या वर्षी, घरच्या पलंगावर, दुपारी झोपेत गेले. हे आधीच सांगते, कारण सकाळपासून फोनवर सगळे तेच विचारून राहिले. "रेडिएशनमध्ये होते ना ते?"

होते. आयुष्यभर.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटची. नागपूरजवळ एका वीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं. पाइपांचं वेल्डिंग आतून पक्कं आहे का, हे पाहायला आमची छोटीशी कंपनी त्याचे एक्स-रेसारखे फोटो काढायची.

त्याचा कॅमेरा म्हणजे शिशाचा जड डबा. आत करंगळीएवढा चकचकीत तुकडा, किरणोत्सारी. केबलनं तो नळीतून बाहेर ढकलायचा, फिल्म झाली की परत डब्यात ओढायचा.

मी डार्करूममध्ये फिल्म धुवायचे. साहेब सेफ्टी इन्चार्ज.

संध्याकाळी डबा परत आला की साहेब स्वतः त्याला किरण मोजायचा मीटर लावायचे. शिशातूनही थोडे किरण बाहेर येतातच; काटा हलला, म्हणजे तुकडा आत आहे. मग रजिस्टरमध्ये टिक, मग कुलूप.

एकदा ते एक दिवस रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि सवयीनं मीटर लावला.

काटा हललाच नाही.

बॅटरी बदलली. तरी नाही.

रजिस्टरमध्ये आदल्या संध्याकाळची टिक होती. त्यांनी ऑपरेटरला विचारलं, "मीटर लावला होता का गा?"

"नाही साहेब. डबा तर आला होता ना."

डबा आला होता. तुकडा केबलवरून निसटून नळीतच राहिला होता.

आम्ही अख्खी साइट मीटर घेऊन फिरलो. कुठेच काही नाही. म्हणजे तुकडा साइटच्या बाहेर गेला होता.

मॅनेजर म्हणाले, "दोन दिवस थांबा. सापडेल. वर कळवायची घाई कशाला?"

साहेबांनी त्यांच्यासमोरच मुंबईच्या अणुऊर्जा खात्याला तार लिहिली आणि शिपायाच्या हातात दिली.

मग विचारपूस सुरू केली. नळी कोणी उघडली? नामदेव फिटरनं. नामदेव कुठे आहे? सुट्टीवर. नरखेडकडच्या आपल्या गावी.

"सुनंदाबाई, तुम्ही चला सोबत," साहेब मला म्हणाले. "घरातल्या बायांशी बोलाले कोणी पाहिजे."

जीपमध्ये शिशाचं रिकामं भांडं, लांब दांड्याचा चिमटा आणि मीटर. मी तेवीस वर्षांची.

गावात शिरलो. संत्र्याच्या बागेला वळसा घालून गल्लीत आलो आणि मीटर कडकडायला लागला. साहेबांनी तिथेच जीप थांबवली.

नामदेव समोरच ओट्यावर बसला होता. आम्हाला पाहून उभा राहिला. साहेबांनी लांबूनच त्याला बोलावून घेतलं. "नळीतून काही पडलं होतं का?"

"हो साहेब. चकाकत होतं. पोरीले खेळाले आणलं. पण ते गेली मामाकडे, म्हणून थैलीतच राह्यलं. काहून, काय झालं?"

थैली घरात खुंटीला टांगलेली. शेजारच्याच चुलीवर त्याची बायको भाजी करून राहिली होती.

मी जीपजवळूनच ओरडले, "वहिनी, बाहेर ये! आहे तशी ये!"

"काहून वं बाई? भाजी लागन ना!"

"लागू दे! म्हातारीला घे आणि ये!"

ती आणि नामदेवची म्हातारी आई, दोघी बाहेर आल्या. शेजारपाजारचेही लांब हटवले. आता साहेब आत धावतील, असं मला वाटलं.

ते धावले नाहीत. त्यांनी माझी जेवणाच्या डब्याची पिशवी घेतली, तिच्यात काडी टाकली आणि कुंपणाला टांगली. चिमट्यानं पिशवी काढायची, उलटी करायची, काडी उचलायची, भांड्यात टाकायची. एकदा. दोनदा. काडी पडली. पुन्हा.

नामदेव रडकुंडीला आला. "साहेब, लवकर करा ना!"

"लवकर व्हावं म्हणूनच शिकून राहिलो गा," साहेब म्हणाले.

सहाव्यांदा हात बसला. मला म्हणाले, "मोठ्यानं मोजा. तीसवर मी आत असलो, तर नाव घेऊन हाक मारा."

साहेब आत गेले, मी मोजायला लागले. सव्वीसवर भांड्याचं झाकण वाजलं.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. साहेबांनी कप खाली ठेवला.

"आता भेव वाटून राहिलं, बाई," म्हणाले आणि हसले.

नामदेवनं तो तुकडा बोटांत धरून निरखून पाहिला होता. काही दिवसांनी बोटं सुजली, फोड आले. मुंबईला इलाज झाला, तरी दोन बोटांची पेरं कापावी लागली. घरच्यांना काही झालं नाही. पोरगी मामाकडून आली, ती चांगली धडधाकट.

कंपनीला रिपोर्टमध्ये 'चोरी' लिहायचं होतं. साहेबांनी लिहिलं, 'चोरी नाही. तपासणी झाली नाही. जबाबदारी माझी.'

मी भांडले. "साहेब, तुम्ही तर रजेवर होते!"

"होतो. पण नामदेवले तो तुकडा दाखवला कोणी? ऑपरेटरले दाखवला, वेल्डरले दाखवला. नळी उघडणाऱ्याले नाही दाखवला. हे माझंच काम होतं."

त्यांचं प्रमोशन गेलं. नामदेवची नोकरी राहिली.

पुढच्या सोमवारपासून साहेब साइटच्या गेटवर उभे राहायला लागले. हातात लाकडाचा तसाच तुकडा, चंदेरी रंग दिलेला. माती वाहणाऱ्या बायांपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवायचे. "हे दिसलं तर हात नाही लावायचा. दूर पळायचं अन् मले सांगायचं."

काही महिन्यांनी नामदेवही त्यांच्या बाजूला उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं नुसता आपला हात वर केला आणि लोकांना दाखवला.

त्यानंतर मी तिथे सात वर्षं होते. एकाही माणसाला इजा झाल्याचं मी ऐकलं नाही.

साहेब, तुमच्या हाताखाली काम केलं, हे आज सगळ्यांना अभिमानानं सांगते.

जय भीम. शांतपणे जा.