काचेवरचं नाव

अमीनभाई शेखांनी आयुष्यात हजारो कोऱ्या गाड्या चालवल्या, प्रत्येक फक्त अकरा किलोमीटर. मांजरीला उसाच्या शेताकडेला शोरूमचं यार्ड आहे. तिथून गाडी शोरूमला न्यायची, किल्ली द्यायची आणि बसने परत यायचं. मग नारळ, पेढे, फोटो; त्या फोटोत अमीनभाईंना कुणी कधी उभं केलं नाही. सत्तावीस वर्षं हेच. बिबवेवाडीच्या घरी त्यांची स्वतःची म्हणाल तर एक स्कूटर होती.

बुक झालेल्या गाडीच्या काचेवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावायचं कामही त्यांचंच. पूर्वी चार दिवसांत चिठ्ठीसकट गाडी जायची. आता किंमत जानेवारीत वाढते, मधेच पुन्हा वाढते, वर बँकेचं व्याज. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं; पण हल्ली अंथरूणही हप्त्यावरच मिळतं, आणि बँक ते पगार बघून कापून देते. त्यामुळे ओल्या फडक्याने चिठ्ठ्या काढायचं काम वाढलं.

भिंतीकडेच्या पांढऱ्या गाडीवर सहा महिन्यांत तीन नावं लागली आणि तिन्ही उतरली. बॅटरी बसू नये म्हणून अमीनभाई दर मंगळवारी प्रत्येक गाडी दहा मिनिटं चालू ठेवत. पहिली चिठ्ठी कौशल्या नावाच्या शिक्षिकेची होती; तिचं कर्ज नामंजूर झालं, त्यानंतरच्या मंगळवारी भर दुपारी त्यांनी पाहिलं, मागच्या सीटवरचं प्लास्टिक एका जागी दबलं होतं. कुणी बसलं की दबतं तसं. त्यांनी ते हाताने सारखं केलं. ते पुन्हा खाली गेलं. हाताला ऊब लागली.

किल्ली तर त्यांच्याच कमरेला होती. दुसरी चिठ्ठी निघाली तेव्हा दुसरा खळगा पडला, तिसरी निघाली तेव्हा तिसरा. मागची सीट भरली. अमीनभाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. या वयात वेडा ठरलो तर नोकरी जाईल, एवढं त्यांना कळत होतं.

मग त्यांच्या मुलाने, तौफिकने, नेमकी तीच गाडी बुक केली. जुन्या किमतीतली तेवढी एकच उरली होती.

"अब्बा, हिंजवडीच्या बसमध्ये माझे दिवसाचे चार तास जातात," तो म्हणाला. "लोन त्याच किमतीला बसतंय, वर एक रुपया झाला तर नाही. आणि एकदा तरी तुम्ही नवी गाडी आपल्या घरापर्यंत चालवत आणा."

दुसऱ्या दिवशी शोरूममधून चिठ्ठी आली: तौफिक शेख. अमीनभाई फडकं आणि चिठ्ठी घेऊन पांढऱ्या गाडीपाशी गेले आणि त्यांची पाचावर धारण बसली. या काचेवर लागलेलं नाव टिकत नाही. दोन दिवसांत कर्जाचा शेवटचा कागद येईल, मग लावू, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी खिशात घातली.

यार्डाचा नियम साधा होता, आणि तो त्यांच्याइतका कुणालाच पाठ नव्हता. चिठ्ठी नाही ती गाडी मोकळी. दुसऱ्याच सकाळी मॅनेजरसाहेबांनी ती रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला विकली. नव्या गाड्या बेचाळीस हजारांनी महाग होत्या. बँक तौफिकला नाही म्हणाली.

"चिठ्ठी कशी काय राहिली?" तौफिकने फोनवर विचारलं.

"चुकून," अमीनभाई म्हणाले. चिठ्ठी अजून त्यांच्या खिशातच होती.

शनिवारी ती गाडी शोरूमला नेण्याचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. सोलापूर रस्त्यावर ऊन रणरणत होतं. हडपसरच्या अलीकडे शेजारच्या सीटचं प्लास्टिक करकरलं आणि हळूहळू खाली गेलं. शेजारच्या माणसाने पट्टा लावला नाही म्हणून गाडी किणकिणू लागली. ते थांबेना. शेवटी अमीनभाईंनी रिकाम्या सीटला पट्टा लावला, तेव्हा आवाज बंद झाला.

शोरूमच्या दारात त्यांनी पट्टा सोडला, पलीकडे जाऊन दार उघडलं आणि हलकेच म्हणाले, "उतर, बेटा. ही आपली नाही."

प्लास्टिक सावकाश वर आलं.

संध्याकाळी तौफिक जेवायला बसला, पण त्याने ताटाला हात लावला नाही. "दुपारी घरी जरा डोळा लागला, अब्बा," तो म्हणाला. "गाडी तुम्ही चालवत होतात. मी चांगला बसलो होतो शेजारी. का उतरवलंत मला?"