हौदाचा वास गेला तेव्हा

पोलिसातल्या माझ्या नोकरीतली ती दुपार मी आजही विसरलेलो नाही.

आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, चिखलीच्या गोठ्यात धाकट्यानं थोरल्याला मारून शेणाच्या हौदात टाकलंय." खबर पक्की वाटत होती. हौदातून काढलेल्या थोरल्याच्या मृतदेहाच्या डोक्याला जखम होती, गोठा बिल्डरला विकण्यावरून त्याच सकाळी दोघा भावांची जुंपली होती, आणि थोरल्याच्या बायकोने थेट दिराविरुद्धच फिर्याद दिली. धाकट्याला ताब्यात घेतलं.

चौकशीत हा धाकटा गडी एकच पालुपद लावून बसला. "शेणखताचा टँकर भराया आमी पंप लावून हौद ढवळला. लई घाण वास सुटला. मग दादा म्हनला, वास गेला, आता उतरून अडकलेला पाइप काढतो. शिडीवरनंच कोसळला, साहेब! म्या हात न्हाई लावला."

"शेणाच्या हौदाचा वास जातो होय रे?" हवालदार खेकसला. सगळं ठाणं हसलं.

हत्यार हौदातच असणार म्हणून पंचांना आणि धाकट्याला घेऊन गोठ्यावर गेलो. गाळ उपसायला पंप लावून हौद पुन्हा ढवळला. आमचा हवालदार भलताच उत्साही! पँट दुमडून, नाकाला रुमाल बांधून हौदातल्या शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. मी पंचनामा सांगत होतो, तेवढ्यात त्याने रुमाल खाली ओढला. "साहेब, मघाशी नाक फाटत होतं. आता वास गेला! उतरतो."

अरे बापरे! तेच वाक्य!

हातातले कागद टाकून मी धावलो. शिपायाच्या हातून बेडीची दोरी हिसकावून धाकटा माझ्याही आधी पोहोचला होता. "उतरू नका वो!" दोघांनी कॉलर धरून खेचलं आणि तिघेही शेणात आडवे झालो. हवालदाराचे डोळे फिरले होते, पण श्वास चालू होता. वाचला पठ्ठ्या!

अग्निशमन दलाने गॅस मोजायचं यंत्र हौदात सोडलं, तसं ते किंचाळायलाच लागलं. त्यांचे अधिकारी म्हणाले, "ढवळलं की हा वायू उसळतो. आधी नाक बधिर करतो, मग माणूस पाडतो." शवविच्छेदनातही तेच निघालं. डोक्याची जखम शिडीच्या लोखंडाची होती.

गोठेवाल्यांनो, हौद ढवळताना जवळ थांबू नका, आणि वास गेलासा वाटला तर पळत सुटा. मी मात्र त्या दिवशी वेगळंच शिकलो. खोटं बोलणारा आपल्याला पटेल असंच रचतो. या गड्याने काही रचलंच नव्हतं.

त्याला सोडलं तेव्हा वहिनी ठाण्याच्या दारात उभी होती.  तीच म्हणाली, "चला भावजी, म्हशी धारेच्या खोळंबल्यात."